कॉफी गेली कुठे

२०१०च्या वसंतात पोर्टलंड स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या ऑरेगनच्या किनाऱ्यावर ठिकठिकाणचं समुद्राचं पाणी भरून आणलं आणि त्यात कॅफिन शोधलं. कूस बे, अस्टोरिया अशा मोठ्या वस्त्यांपाशी ते कमी निघालं. जास्त निघालं केप लुकआउट आणि कार्ल वॉशबर्न इथे. जवळ सांडपाणी प्रकल्प नाही, मोठं गाव नाही. लोक सहलीला जातात असे हे किनारे.

*

जास्त म्हणजे लिटरमागे सुमारे ४५ नॅनोग्रॅम. ऑलिम्पिकच्या जलतरण तलावात एक कप कॉफी ओतली तर साधारण एवढंच भरेल. माशांची झोप उडाल्याचे विनोद यावर फार झाले. प्रयोगशाळेत मात्र अशा किरकोळ मात्रांनीही तिथल्या शिंपल्यांच्या पेशींत ताणाच्या खुणा दिसल्या.

*

खरी गंमत जिवाणूंची. प्रकल्प नीट चालत असेल तर त्यातले जिवाणू कॅफिन जवळजवळ फस्त करतात. म्हणून समुद्रात कॅफिन सापडलं की समजावं, मैला प्रक्रियेशिवाय आलाय. संशोधकांचा संशय घराघरांच्या सेप्टिक टाक्यांवर गेला. वादळी पावसानंतर कॅफिन वाढलंही होतं.

(प्यायलेल्या कॉफीतलं बहुतेक कॅफिन यकृत मोडतं, लघवीत उतरतं ते जेमतेम काही टक्के. बेसिनमध्ये ओतलेला उरलासुरला कप मात्र पूर्णच जातो.)

*

औषधं एवढी सरळ नाहीत. फिट्सवरच्या कार्बामाझेपिनला जिवाणू फारसे तोंड लावत नाहीत. डायक्लोफेनॅकचं मलम गुडघ्यावर चोळलं तर थोडंच आत मुरतं, बाकीचं आंघोळीच्या पाण्यात. गिधाडांपायी आपण २००६मध्ये जनावरांसाठी बंद केलं, ते हेच औषध.

*

सिएटलजवळचा पजेट साउंड, २०१६चा अभ्यास. औषधं, प्रसाधनं वगैरे मिळून १५० रसायनं शोधली. चिनूक सॅमनच्या पिल्लांसह तपासलेल्या माशांत ४२ सापडली. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट: २९ रसायनं प्रकल्पातून सोडलेल्या पाण्यात होती, माशांत होती, पण मधल्या खाडीच्या पाण्यात मिळाली नाहीत. नुसतं पाणी तपासून ‘स्वच्छ’ म्हणणाऱ्यांचं काय करायचं?

*

कॅफिन चहातही असतं, तेव्हा मुंबईचा समुद्र यातून सुटणार नाही. पण माहीमच्या खाडीत मैला येतो हे ठरवायला कॅफिन कशाला मोजायचं? पुलावरून जाताना गाडीची काच खाली करावी.

*

युरोपीय संघाचा सांडपाण्याबद्दलचा नवा कायदा जानेवारी २०२५मध्ये अमलात आला. मोठ्या प्रकल्पांना ओझोन किंवा सक्रिय कोळशासारखा चौथा टप्पा जोडायचा, आणि त्याचा किमान ८० टक्के खर्च औषध आणि सौंदर्यप्रसाधन कंपन्यांनी द्यायचा. औषध कंपन्या न्यायालयात गेल्या. कॉफीवाल्यांच्या नावे बिल नाही; त्यांचा माल जुन्याच टाकीत जिवाणू खाऊन टाकतात, टाकीपर्यंत पोचला तर.