दऱ्या आणि दर्या

“काका, ही कमेंट तुमची ना?” तिनं विचारलं आणि मी लगेच हो म्हणालो. ‘या रफारनं माझं डोकं फिरवलंय’ अशा अर्थाची, प्रोग्रॅमच्या फाइलीतली ती इंग्रजी एकच ओळ होती. कित्येक वर्षं मी ती माझीच समजत आलो होतो. थोडी वैतागलेली, थोडी मिश्कील, माझ्या स्वभावाला शोभेल अशी. तिनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. तीच ओळ, चुकीच्या जागी पडलेल्या स्वल्पविरामासकट, दुसऱ्याच माणसाच्या फाइलीत होती. साल २००३. वर तीन ओळींत त्याचं नाव, ईमेल आणि परवाना: जीपीएल, आवृत्ती दोन किंवा, तुमच्या मर्जीनं, त्यानंतरची कुठलीही.

माझ्या फाइलीवर माझं नाव होतं, साल २००९, परवाना एमआयटी. जीपीएल म्हणतं, यातून जे कराल त्याचंही कोड खुलं ठेवा; एमआयटी म्हणतं, नाव राहू द्या आणि हवं ते करा.

ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आठवड्यातून तीन दिवस बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या माडीवर काम शिकायला येते. तिला मी दिलेलं काम कंटाळवाणं होतं: नव्या ॲपमधलं ‘परवाने’ हे पान तयार करायचं. खरं तर ते यंत्र करतं. ॲपमध्ये वापरलेल्या उसन्या कोडच्या पुडक्यावरच्या चिठ्ठीवर एमआयटी लिहिलं असेल तर यादीत एमआयटी येतं, अपाची लिहिलं असेल तर अपाची, आणि आपण यादी जशीच्या तशी चिकटवून ॲप स्टोअरवर पाठवून देतो. चिठ्ठी आणि आतला माल एकच आहे का, हे कुणी बघत नाही. तिनं बघितलं, कारण बघायचं नसतं हे तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

आता २००९ बद्दल. बडोद्यातल्या एका मराठी मंडळाचे पंधरा वर्षांचे वार्षिक अंक जुन्या फॉन्टांत अडकले होते. काही श्रीलिपीत, काही शिवाजीत, गुजराती पानं तिसऱ्याच कशात. ते युनिकोडमध्ये आणायचे होते. ज्यांनी हे काम केलंय त्यांना रफाराची वेगळी ओळख करून द्यायला नको. जुन्या फॉन्टांत अक्षरं दिसतात त्या क्रमानं साठवलेली असतात, म्हणून ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येते आणि रफार नंतर. वेलांटी पुढे ढकलणं सोपं. रफार मागे न्यायचा म्हणजे ‘मूर्ती’त दीर्घ वेलांटी ओलांडायची, ‘मर्त्य’मध्ये अख्खं जोडाक्षर ओलांडायचं, आणि ‘कार्त्स्न्य’सारखा शब्द आला की आपला प्रोग्रॅम दारू प्यायल्यासारखा चालायला लागतो. मी आठ दिवस झगडलो. नवव्या दिवशी कुणाची तरी फाइल मिळाली. तिच्यात रफार मुकाट्यानं जागेवर जाऊन बसत होता.

वरच्या तीन ओळी मी काढल्या. का काढल्या? ‘फाइल स्वच्छ दिसावी म्हणून’ हे उत्तर मी इतके दिवस स्वतःला देत आलो. माझ्या बाकीच्या सगळ्या फाइलींवर माझं नाव होतं आणि हिच्यावर दुसऱ्याचं, ते डोळ्यांत खुपत होतं, हे जास्त खरं.

शिवाय मी त्यात भर घातली होतीच की! मूळ लिहिणारा मराठी नसावा. त्याला अर्धा र, आपला चंद्रकोरीसारखा र, ठाऊक नव्हता. त्याचा प्रोग्रॅम ‘दऱ्या’चा ‘दर्या’ करायचा. सह्याद्रीतल्या प्रवासवर्णनात लेखक बिचारा डोंगरदऱ्यांतून निघायचा आणि थेट दर्यात पडायचा. ‘आचाऱ्यांना’ दिलेली सुपारी ‘आचार्यांना’ जायची. मी अकरा ओळी लिहून ते दुरुस्त केलं. त्या अकरा ओळींच्या जोरावर मी चारशे ओळींची फाइल माझी म्हणवून घेतली आणि मोठ्या मनाचा आव आणत एमआयटीखाली जगाला मोकळी केली. दुसऱ्याच्या शेतातला ऊस मी गावभर वाटत होतो.

लोकांनी ती घेतली. दवाखान्यात नंबर येईपर्यंत इतर माणसं बातम्या वाचतात, मी ॲपांतली परवान्यांची पानं उघडतो. सेटिंगमध्ये जायचं, तिथून ‘ॲपविषयी’, मग अंगठा दुखेपर्यंत खाली सरकायचं. माझं नाव मला तीनदा सापडलं. पहिल्यांदा सापडलं तेव्हा बायकोला दाखवलं. “फार बारीक अक्षर आहे,” म्हणाली.

आमच्या धंद्यात परवान्याला कुणी परवाना म्हणत नाही, अनुज्ञप्ती तर नाहीच. ‘लायसन’ म्हणतात, तेही गाडीच्या लायसनसारखं, पोलिसानं अडवलं तरच खिशातून काढायचं. अलकापुरीत काचेच्या ऑफिसांतून पंधरा दिवसांत ॲप करून देणारी पोरं आहेत. त्यांच्या ॲपांत हे पान कोरं असतं किंवा नसतंच. विचारलं तर म्हणतात, “ओपन सोर्स छे ने, फ्री छे.” ज्या कोडवर कुठलाच परवाना नाही ते तर सगळ्यांत मोकळं, अशीही त्यांची समजूत. परवाना नसला की सगळे हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतात, आपल्याला वाचण्यापलीकडे काही करता येत नाही, हे सांगितलं की माझ्याकडे जुन्या काळच्या मुनीमजीकडे बघावं तसं बघतात. त्यात आता कोड लिहून देणारी यंत्रं आली. ती ओळी देतात, वरचं नाव देत नाहीत. मी जे एका रात्री चोरून केलं ते आता दिवसाढवळ्या होतं. यावर बोलण्याचा अधिकार मला उरलेला नाही, तरी बोलून घेतो.

सगळेच काही बेफिकीर नसतात. प्रोग्रॅमर डग्लस क्रॉकफर्डनं आपल्या जेसॉन सॉफ्टवेअरच्या परवान्यात एमआयटीच्या मजकुरात एक वाक्य घुसडलं: हे सॉफ्टवेअर भल्यासाठी वापरावं, वाइटासाठी नाही. गंमत म्हणून ठीक. पण डेबियन ही लिनक्सची आवृत्ती चालवणाऱ्यांनी, वापराला अट आली म्हणजे हे मुक्त नव्हे, असं म्हणून ते बाजूला ठेवलं. मला ते पटतं. भलं कशाला म्हणायचं हे कोण ठरवणार? उलट, गुजराती पानांसाठी मी ‘हिंद वडोदरा’ हा अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा फॉन्ट वापरतो. (आम्ही मराठी माणसं अजून बडोदंच म्हणतो, फॉन्टवाल्यांनी कागदोपत्री नाव घेतलं.) त्याचा ओपन फॉन्ट परवाना फार समजूतदार आहे: सॉफ्टवेअरबरोबर बांधून खुशाल विका, नुसता फॉन्ट विकू नका, परवान्याचा कागद सोबत ठेवा, आणि कर्त्यानं नाव राखून ठेवलं असेल तर बदललेल्या फॉन्टला ते लावू नका. आकार कमी करायला चार अक्षरं वगळली तरी तो बदलच धरतात. शेवटच्या अटीवर मी पूर्वी हसायचो. इतकं काय नावाचं?

तर ती फाइल. मुलगी म्हणाली, “काका, त्यांचं नाव वर लिहून टाका ना. जीपीएल करा. झालं.” बरोबरच होतं तिचं. दोन मिनिटांचं काम होतं, आणि मी त्याला सहा आठवडे लावले.

आधी मी ठरवलं की ते चारशे ओळींचं कोड नव्यानं लिहायचं, म्हणजे जीपीएलचा प्रश्नच उरणार नाही. याला दाखलाही होता: १९८०च्या दशकात फिनिक्स कंपनीनं आयबीएमच्या बायोसशी, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमशी, सुसंगत बायोस बनवला तेव्हा मूळ कोड वाचणारी माणसं वेगळी होती आणि नवं लिहिणारी वेगळी. वाचणाऱ्यांनी ते काय करतं एवढंच कागदावर मांडलं, लिहिणाऱ्यांनी मूळ कधी पाहिलंच नाही. माझ्या माडीवर दोनच माणसं. मला फाइल पाठ होती आणि तिनं तर ती शोधूनच काढली होती. तरी मी बसलो. तीन रात्री लिहिलं आणि सकाळी दोन्ही समोरासमोर ठेवून पाहिलं. त्या माणसानं चलांची नावं आय, जे यांच्यानंतर थेट एम अशी ठेवली होती, के आणि एल गाळून. मीही गाळले होते. का, ते मला सांगता येईना. हात त्याच्याच वाटेनं गेला होता. आता पन्नाशी उलटली, काल काय जेवलो ते आठवत नाही, पण ज्या ओळी विसरायच्या होत्या त्या मात्र पक्क्या बसल्यात.

उरली त्या माणसाचीच परवानगी. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरची हकीकत आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. जीपीएल सांगतं की पुढच्या माणसावर जास्तीची बंधनं लादू नका; ॲपलच्या दुकानाच्या अटी नेमकं तेच करतात. व्हीएलसी लिहिणाऱ्यांपैकीच एकानं, रेमी देनी-कूरमोंनं, तक्रार केली आणि जानेवारी २०११ मध्ये ते दुकानातून उतरवलं गेलं. परवाना बदलायचा तर लिहिणाऱ्या प्रत्येकाची संमती हवी. शंभराहून जास्त जणांना व्हीएलसीवाल्यांनी गाठलं, आणि २०१३ मध्ये ते परत आलं. मला एकाच माणसाला पत्र लिहायचं होतं. लिहिलं. तासाभरात परत आलं: असा पत्ता अस्तित्वात नाही.

मग मी जीपीएल पहिल्यांदाच पुरतं वाचून काढलं. इतकी वर्षं धंदा केला, पण परवाना शेवटपर्यंत वाचला नव्हता, हेही इथंच लिहून टाकतो. आवृत्ती दोन कडक आहे: अट मोडली त्या क्षणी हक्क आपोआप संपले. म्हणजे २००९ पासून त्या फाइलीवर माझा काडीचा हक्क नव्हता. २००७ ची आवृत्ती तीन जरा मवाळ आहे: चूक थांबवली की हक्क तात्पुरते परत मिळतात, आणि त्यानंतर साठ दिवसांत मालकानं हरकत कळवली नाही तर कायमचे. त्या माणसानं ‘किंवा त्यानंतरची कुठलीही’ हे शब्द लिहून ठेवले नसते तर ही सवलत मला मिळाली नसती. मी जी ओळ कापली, तिनंच मला सोडवलं. अशा वेळी हसावं की रडावं ते कळत नाही. मी उठून चहा टाकला.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी नवी आवृत्ती चढवली, जीपीएलखाली, त्याचं नाव पहिलं आणि माझं दुसरं. मंडळाच्या अंकांसाठी केलेल्या आमच्या नव्या ॲपचं सगळं कोडही त्यामुळे मोकळं करावं लागलं. मंडळाला त्यात काही वावगं वाटलं नाही, त्यांना अंक वाचता आले म्हणजे पुरे. मग जुनी फाइल वापरणारे जे ठाऊक होते त्यांना कळवायला बसलो. रावपुऱ्यातल्या एका छापखानेवाल्यानं माझं पंधरा मिनिटं ऐकून घेतलं. मी सांगत होतो की तुमच्या बंद सॉफ्टवेअरमध्ये ही फाइल आता चालणार नाही, काढा, किंवा तुमचंही कोड खुलं करा. शेवटी काळजीनं विचारतो, “पण तमारुं नाम तो रहेशे ने?” मी राहील म्हणालो. आणि ते सांगताना बरं वाटलं, हे कबूल करतो. बाकीच्या दोघांचं उत्तर नाही. त्यांच्या ॲपांत मी अजून एमआयटीखाली एकटाच मिरवतोय.

साठपैकी एकेचाळीस दिवस झालेत. रोज सकाळी मेल आधी उघडतो. ते पत्र येऊ नये असं वाटतं. यावंसंही वाटतं, कारण अर्ध्या र बद्दल त्याला सांगायचंय.

परवा ती म्हणाली, “काका, तुमच्या अकरा ओळींत एक घोळ आहे.” शक्यच नाही, म्हटलं. तिनं ‘दऱ्याखोऱ्या’ टाकून दाखवलं. एका ओळीत अर्धे र दोनदा आले की दुसरा तसाच लटकत राहत होता. मंडळाच्या अंकांत हे कित्येक ठिकाणी असणार, आणि ते अंक मी स्वतः तपासले होते. तिनं दुरुस्त केलं. माझ्या अकरांतल्या चार ओळी शिल्लक राहिल्या. मग फाइलीच्या वर, त्याच्या आणि माझ्या नावाखाली, तिनं स्वतःचं नाव आणि साल घातलं, आणि शुद्धलेखन बरोबर आहे ना म्हणून मला बघायला सांगितलं.