बर्फाने न झाडलेला माथा

वेल्समधल्या कुम इद्वल या दरीचं वेड मला डार्विनमुळे लागलं. १८३१च्या ऑगस्टमध्ये सेजविक या भूशास्त्रज्ञाबरोबर तो इथे जीवाश्म धुंडाळत होता. हिमनदीने घासलेले खडक, तिने आणून टाकलेल्या शिळा दोघांच्या नाकासमोर होत्या. एकाच्याही लक्षात आल्या नाहीत. आगासी या शास्त्रज्ञाचा हिमयुगाचा विचार गाजू लागल्यावर, १८४२मध्ये डार्विन परत आला आणि याच खुणांवर त्याने निबंध लिहिला.

कुम इद्वलमधलं तळं मी भरभर उरकलं. स्नोडन शिखराच्या माथ्यावर आगगाडी जाते, म्हणून तो वगळलाच. मुक्कामाच्या खोलीत ओल, वरच्या बाकावर घोरणारा. उजाडायच्या आत ग्लिडर वाख या शिखराची वाट धरली.

९९४ मीटरवर पोचलो तर माती दिसेना. एखादा वाडा पाडून तुळया तशाच टाकाव्यात तसे लांबलचक दगड आडवेतिडवे पडलेले. त्यांतलाच एक अधांतरी पुढे आलेला. अठराव्या शतकात पेनंट या लेखकाने आपल्या प्रवासग्रंथात त्यावर उभी राहिलेली माणसं चित्रात दाखवली आहेत. मीही उभा राहिलो.

पण ज्या बर्फाने खालची दरी कोरली, त्याने हा पसारा का नाही झाडून नेला? मॅकॅरल आणि बॅलंटाइन या अभ्यासकांनी २०००मध्ये मांडलं, की इथले उंच माथे बर्फाबाहेर बेटांसारखे उघडे होते. उत्तर पटण्याजोगं होतं. पुढे वायव्य स्कॉटलंडमधल्या अशाच माथ्यांवर, बर्फाने दुरून आणून टाकलेल्या दगडांतलं बेरिलियम-१० मोजलं गेलं. वैश्विक किरणांनी ते साठत जातं, त्यावरून दगड कधी उघडा पडला ते कळतं. २०१२च्या त्या निबंधाने बर्फ माथ्यांवरूनही गेला होता असं दाखवलं, आणि लेखकांत स्वतः बॅलंटाइन होते! असा अभ्यासक मला आवडतो.

तरीही पसारा टिकला, कारण दरीतला जाड बर्फ तळाशी वितळून पाण्यावर घसरतो, म्हणून कोरतो. माथ्यावरचा पातळ बर्फ मात्र खडकाला गोठून चिकटलेला. तो झिजवत नाही, उलट झाकून राखतो.

मग दगड फोडले कुणी? काहीजण हिमयुगाआधीच्या उबदार काळातल्या झिजेकडे बोट दाखवतात. मी फटींत गोठून फुगणाऱ्या पाण्याच्या बाजूचा. उबेत कुजलेल्या खडकाचे कोपरे गोलसर होतात. इथल्या धारांनी माझे हातमोजे फाटले. एवढ्यावर निकाल लागत नाही, ठाऊक आहे. धुकं दाटलं, वाद तिथेच टाकून उतरलो.