एका अक्षराचं घर

आजीच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून माझ्याकडे आले ते अकरा फोटो. सगळे तंजावरचे, सगळे कृष्णधवल, आणि प्रत्येकाच्या मागे शाईने लिहिलेली एकेक ओळ. ओळ मराठी, लिपी तमिळ. आजीला दुसरी लिपी येत नव्हती.

तंजावरच्या मराठी घरांत याचं कुणाला नवल वाटत नाही. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या राज्याबरोबर जी कुटुंबं कावेरीकाठी आली, त्यांची भाषा स्वयंपाकघरात आणि देवघरात टिकली. १८५५ साली शेवटचे राजे, दुसरे शिवाजी, मुलगा नसताना वारले आणि कंपनीने राज्य खालसा केलं. दरबार गेला, तशी मोडीही वापरातून गेली. ती उरली सरस्वती महालातल्या रुमालांत. पुढच्या पिढ्या तमिळ शाळांत शिकल्या आणि वाण्याच्या यादीपासून पत्रांपर्यंत मराठी तमिळ अक्षरांत लिहू लागल्या.

माझं उलटं झालं. मी मद्रासला वाढले, शाळेत हिंदी घेतल्यामुळे देवनागरी शिकले आणि सुट्टीत तंजावरला गेले की आजीला माझा उपयोग होई. ती मला थोरल्या देवळात, म्हणजे बृहदीश्वराच्या देवळात न्यायची. तिथल्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला आहे, चांगला लांबलचक. आजी म्हणायची, "वाच." मी दगडावर बोट फिरवत अक्षर अक्षर लावायची. मला त्यातलं फारसं कळत नसे. आजीला वाचता येत नसे, पण ऐकून कळे. एक ओळ वाचायला आम्हां दोघी लागत असू.

पुढे तौलनिक साहित्यात एम.ए. करायला मी पुण्यात आले आणि इथलीच झाले. तमिळमधून मराठीत भाषांतरं करते. माझी पहिली काही वर्षं 'तुमचं मराठी जरा वेगळंच आहे' हे ऐकण्यात आणि ते वेगळेपण खरवडून काढण्यात गेली. आजीच्या फोटोंमागच्या ओळी देवनागरीत उतरवून काढायला बसले, तेव्हा मला स्वतःबद्दल खात्री होती. दोन्ही भाषा माझ्या, दोन्ही लिप्या माझ्या. घरातल्या अकरा ओळी त्या काय!

अडचण अशी, की तमिळमध्ये क, ख, ग, घ या चौघांना एकच अक्षर आहे. त, थ, द, ध यांनाही एकच. तमिळ माणूस शब्दातल्या जागेवरून उच्चार ओळखतो. मराठी शब्दांना तो नियम लागू पडत नाही. तिथे संदर्भ पाहायचा आणि अंदाज करायचा. दहा ओळी सहज सुटल्या. देवळातला नंदी, पोहायच्या आधीचा मामा, गौरीचा दिवस. अकराव्या फोटोत मेलवीधीतलं एक मोठं घर होतं. पुढे लांब ओटा, लाकडी खांब, उतरत्या छपराची कौलं. समोर कुणीही नाही. मागे लिहिलं होतं, 'आमचं केलेलं घर'.

मी आजीला ओळखते ती भाड्याच्या दोन खोल्यांत. पण पूर्वी आपलं मोठं घर होतं एवढं कानावर होतं. घर करणं म्हणजे घर उभं करणं, असा अर्थ मी लावला. मामाच्या पंच्याहत्तरीला त्या फोटोची मोठी प्रत करून, चौकटीत घालून दिली आणि खाली देवनागरीत छापून घेतलं, 'आजोबांनी बांधलेलं घर'. मामाने ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाला, "बरं दिसतंय." आई काही बोलली नाही.

मागच्या मार्गळीत आईला घेऊन तंजावरला गेले. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. पुन्हा जमेल न जमेल असं तीच म्हणाली. मेलवीधीत ती एका मोबाइलच्या दुकानासमोर थांबली. वर लॉज, खाली दुकान, ओट्याच्या जागी लावलेल्या मोटरसायकली. मी पिशवीतून मूळ फोटो काढला. आईने तो उलटा केला, मागची ओळ वाचली आणि म्हणाली, "गेलेलं."

आईचं बोलणं मी इथे पुण्याच्या वळणाने लिहिते आहे; तसं ते नाही.

"'केलेलं' नाही गं. 'गेलेलं'. आमचं गेलेलं घर. बांधलं होतं तुझ्या पणजोबांनी. आप्पांनी विकलं, सदुसष्ट साली. माझं लग्न ठरलं होतं. कागद व्हायच्या आधी आईने स्टुडिओवाल्याला बोलावलं आणि आम्हां सगळ्यांना बाजूला उभं केलं. म्हणाली, माणसं पुढे पण दिसतील."

मी विचारलं, "मग मामाकडे फोटो दिला तेव्हा का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? माझ्यासाठी गेलं म्हणून?"

मग तिने ओळीच्या वरच्या बाजूला नख टेकवलं. तिथे पुसट ३ चा आकडा होता. तो मी पूर्वीही पाहिला होता आणि फोटोचा क्रमांक समजून सोडून दिला होता. तमिळ लिपीत छापलेल्या संस्कृत स्तोत्रांच्या पुस्तकांत अक्षरापाशी असे बारीक आकडे असतात. आकडा नसेल तर क, २ असेल तर ख, ३ म्हणजे ग, ४ म्हणजे घ. आजी रोज त्याच पुस्तकांतून म्हणायची. बाकीच्या दहा ओळींवर तिने एकही आकडा घातलेला नाही; 'घर' या शब्दावरही नाही. ते कुणीही ओळखलं असतं. जिथे चुकीचं वाचलं जाण्याची धास्ती होती, तिथे तेवढा घातला, आणि नेमकं तेच मी चुकीचं वाचलं.

परतताना मला लिनियस ट्राइपचे फोटो आठवत राहिले. मद्रास सरकारचा छायाचित्रकार म्हणून तो १८५८ साली तंजावरला आला, राज्य जाऊन तीन वर्षं झाली होती तेव्हा. थोरल्या देवळाच्या विमानाभोवतीचे चोळांचे शिलालेख त्याने तुकड्यातुकड्याने टिपले आणि एकवीस प्रती जोडून एक लांब पट्टी केली. त्याच्या फोटोंत माणसं क्वचितच दिसतात. ते फोटो मी अनेकदा पडद्यावर पाहिलेत, दगडाच्या बारकाव्यांसाठी. ज्या सरकारने ते काढून घेतले, त्याच्या लेखी तंजावर नुकतंच मिळालेलं गाव होतं. वाड्यातल्या माणसांच्या लेखी तेच गाव गेलेलं. फोटोत दोन्ही सारखंच दिसतं. हे मी विद्यार्थ्यांना सांगू शकले असते. घरातल्या फोटोबाबत मला ते सुचलं नाही.

पुण्याला पोचल्यावर मामाला फोन केला. चौकट परत मागवून खालची ओळ बदलून देते म्हटलं. त्याला सगळं माहीत होतंच; घर गेलं तेव्हा तो सतरा वर्षांचा होता.

"पुढचं राहू दे," तो म्हणाला. "येणाऱ्याजाणाऱ्याला बरं वाटतं. तू मागे लिही."

गेल्या महिन्यात त्याच्याकडे जाऊन ती चौकट भिंतीवरून उतरवली. देवनागरीत लिहिलं असतं तर आकड्याची गरज पडली नसती. मी तमिळ अक्षरांत लिहिलं, आजीची ओळ आजीसारखीच, आणि पहिल्या अक्षरावर ३ घातला. या वेळी जरा ठसठशीत.