नारळ घातलेला नाही

तो कागद अजून माझ्या वहीत आहे. वास : १२ पैकी ४. रूप : ३ पैकी ३. चव : २० पैकी ८. तोंडातला पोत : ५ पैकी ४. एकंदर परिणाम : १० पैकी ४. बेरीज २३. आणि खाली घाईघाईच्या तिरक्या इंग्रजी अक्षरांत एक शेरा. त्याचं मराठी असं होईल : नारळ घातल्याचं स्पष्ट कळतं, ही बिअर या गटात यायलाच नको होती.

मी नारळ घातला नव्हता.

मी मूळचा गुहागरचा. गेली बरीच वर्षं सिअॅटलजवळ राहतो आणि गॅरेजमध्ये बिअर करतो. गावी हे सांगितलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हातभट्टी येते. प्रत्येक वेळी सांगावं लागतं की यात काही गाळायचं नसतं. अंबवायचं असतं, इडलीच्या पिठासारखं. अमेरिकेत १९७८ सालच्या कायद्याने घरी बिअर करायला केंद्राची परवानगी मिळाली. एका घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलनपर्यंत चालतं, फक्त विकायची नाही. आम्ही दोघं नवरा-बायको मिळून त्याच्या चौथाईलाही पोचत नाही.

माल्ट, पाणी, यीस्ट आणि हॉप्स, एवढ्यावर बिअर होते. हॉप्स म्हणजे एका वेलीचा शंकूसारखा मादी फुलोरा. पाकळ्यांच्या बुडाशी हळदीसारखी पिवळी, चिकट पूड असते, ल्युप्युलिन. कडवटपणा आणि वास दोन्ही तिच्यातूनच येतात. कडवटपणा हवा तर हॉप्स तासभर उकळायचे. वास हवा तर आच बंद केल्यावर किंवा अंबवणं संपत आल्यावर घालायचे, कारण वासाची तेलं उकळीत उडून जातात. वनस्पतिशास्त्रात ही वेल भांगेच्या कुळातली. भांगेच्या या चुलत बहिणीला लिंबाचा, पाइनचा, आंब्याचा वास येतो हे मी ऐकून होतो, अनुभवलंही होतं. नारळाचा येतो, हे मात्र २०१८पर्यंत माहीत नव्हतं.

त्या साली साब्रो नावाचा हॉप बाजारात आला. त्याआधी तो एचबीसी ४३८ या नुसत्या क्रमांकाने ओळखला जायचा, आणि घरी बिअर करणाऱ्यांनी त्या क्रमांकावरच तो चाखून बघितला होता. त्याच्या रक्तात निओमेक्सिकॅनस ही अमेरिकेची रानटी जात आहे, नैर्ऋत्येकडच्या कोरड्या डोंगरांत आपली आपण वाढणारी. नारळाचं झाड जिथे औषधालाही सापडणार नाही, अशा मुलखातली ही वेल.

त्या सप्टेंबरमध्ये आम्ही कापणी बघायला याकिमा खोऱ्यात गेलो. स्नोक्वाल्मी घाट ओलांडला की पाऊस, देवदार सगळं मागे राहतं आणि सह्याद्री ओलांडून देशावर आल्यासारखा कोरडा, पिवळा प्रदेश लागतो. तिथे कालव्याच्या पाण्यावर अठरा-अठरा फूट उंचीच्या दोऱ्यांवर हॉप्सच्या वेली चढवलेल्या असतात. अमेरिकेतले बहुतेक हॉप्स याच खोऱ्यात होतात. एका शेतावर माझ्या तळहातावर दोन शंकू ठेवले आणि चोळून हुंगायला सांगितलं. मी हुंगलं आणि मला आजोळचं माजघर आठवलं. सुकं खोबरं लाकडी पेटीत ठेवलेलं असायचं, पेटी उघडली की यायचा तो वास. खोबरं आणि लाकूड, दोन्ही एकात एक.

बायकोने तेच शंकू हुंगले. ती वरूडची. म्हणाली, "संत्र्याची साल. नखाने सोलताना उडते ना, ती." नारळ तिला आलाच नाही. परतीच्या वाटेवर अडीच तास आम्ही यावरच बोलत होतो.

घरी आल्यावर मी १९ लिटरची बॅच लावली. चार किलो साधा माल्ट, पाऊणपाऊण किलो गहू आणि ओट्सचे पोहे, ६७ अंशांवर तासभर भिजवून. कडवटपणापुरते थोडे मॅग्नम हॉप्स. बाकी सगळा साब्रो : आच बंद करून ८० अंशांवर ८५ ग्रॅम, आणि अंबवणं संपता संपता ११५ ग्रॅम. सुरुवातीची घनता १.०६२, शेवटची १.०१४, म्हणजे मद्यार्क सव्वासहा टक्क्यांच्या आसपास. नवा हॉप हातात आला की पहिल्यांदा तो एकटाच घालावा, असं माझं स्पष्ट मत आहे. ओळखीच्या हॉपबरोबर जोडी लावली तर कोण काय बोलतंय ते कळत नाही. उरलेली पाकिटं हवा काढून फ्रीझरमध्ये टाकावीत. आणि थंडपणी हॉप्स घातल्यावर घाईने बाटल्या भरू नयेत. हॉप्समधल्या विकरांमुळे उरलेल्या पिष्टाची पुन्हा साखर होते, यीस्ट पुन्हा जागं होतं आणि बाटल्या फसफसतात. माझ्या दोन बॅचेस अशाच गेल्या आहेत.

हीच पाककृती मी २०१९च्या वसंतात पुन्हा केली. मी केलेल्या बिअरींमध्ये ती सर्वांत चांगली होती, हे आजही म्हणेन. ढगाळ, फिकट सोनेरी, वर दाट पांढरा फेस. ती मी घरगुती बिअरच्या एका स्पर्धेला दिली, न्यू इंग्लंड आयपीए या ढगाळ बिअरच्या गटात. तीन बाटल्या, साधी झाकणं, लेबल नाही, फक्त क्रमांक. या गटात घटक लिहून द्यायची सक्ती नव्हती. मी लिहिले नाहीत.

आणि २३ आले. परीक्षकांच्या गुणतक्त्यात २१ ते २९ म्हणजे 'चांगली'. आदल्या वर्षी माझ्या साध्या पेल एलला ३४ मिळाले होते.

कमी गुण मी याआधीही घेतले आहेत. एका स्टाउटला १९ मिळाले होते आणि ते बरोबर होते. हा २३ वेगळा होता. बिअरमध्ये दोष काढला असता तर मी वहीत लिहून ठेवला असता. इथे दोष बिअरचा नव्हता, माझा काढला होता. नारळाचा वास येतो, एवढं लिहिलं असतं तर कुणीही मान हलवली असती. 'घातला' हा शब्द नाकाने सांगितलेला नव्हता, तो परीक्षकाने मनाने जोडला होता. एखाद्याच्या वरणाला हिंगाचा वास येणं वेगळं आणि त्याने हिंग चोरला म्हणणं वेगळं. एक अनुभव झाला, दुसरा आरोप.

पहिले दोन दिवस मला असंही वाटत राहिलं, की नाव बघून केलं असेल. भारतीय माणूस, नारळ घातलाच असणार. बायकोने विचारलं, "नाव कुठे होतं बाटलीवर?" नव्हतं. तरी तो विचार जायला आठवडा लागला.

मग मी पुरावे जमवायला बसलो. पाकिटांचे फोटो, वहीचं पान, आणि सगळ्यांत भक्कम पुरावा खुद्द परीक्षकाच्या हातचा : रूप, ३ पैकी ३, शेजारी 'टिकणारा फेस' असं लिहिलेलं. खोबऱ्यात तेल असतं आणि तेल फेसाला मारतं, हे प्रत्येक ब्रूअरला माहीत असतं. पेल्याला तेलकट बोट लागलं तरी फेस बसतो. नारळ घातला असता तर फेस टिकला कसा असता? हे मी आयोजकांना दोन पानी पत्रात लिहिलं. पंच्याहत्तर शब्दांचं सभ्य उत्तर आलं : परीक्षकांचा निर्णय अंतिम असतो, पुढच्या वर्षी जरूर भाग घ्या. मी पुन्हा लिहिलं. दुसऱ्या पत्राला उत्तर आलं नाही.

मला गुण वाढवून नको होते, निकाल कधीच लागून गेला होता. मला फक्त एक ओळ हवी होती, की हा वास हॉप्सचा असू शकतो, आमच्या लक्षात आलं नाही. स्पर्धेला बसणारा माणूस महिना दोन महिने काम करतो, कचेरी सांभाळून, रात्री अकराला हंडे घासून. त्याच्या हाती शेवटी येतो तो हा कागदच. परीक्षक फुकट, हौसेने काम करतात हे मला मान्य आहे, सकाळपासून दहा-बारा बिअरी चाखून जीभ दमते हेही मान्य. पण बाजारात दर वर्षी नवे हॉप्स येत असताना परीक्षकाने हंगामाआधी ते एकदा चोळून हुंगायला हवेत. याकिमा सिअॅटलहून अडीच तासांवर आहे.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मी त्या दोन्ही पत्रांत लिहिली नाही. साब्रोची बिअर मी पहिल्यांदा प्यायलो ती शेतावर जाण्याच्या महिनाभर आधी, एका टॅपरूममध्ये. पहिला घोट घेतला आणि काउंटरवरच्या मुलीला विचारलं होतं, "यात नारळ घातलाय का?" ती हसून म्हणाली, सगळे हेच विचारतात. म्हणजे परीक्षकाला जे वाटलं तेच मलाही वाटलं होतं. फरक एवढाच, की माझ्यासमोर विचारायला माणूस होतं. त्याच्यासमोर फक्त क्रमांक होता.

ऑगस्टमध्ये, राग पुरता गेलेला नसताना, मी ठरवलं की एकदा खरोखरच नारळ घालून बघायचा. एकाच हंड्यातलं वर्ट, म्हणजे अंबवण्याआधीचं माल्टचं गोड पाणी, दोन डब्यांत विभागलं. एकात साब्रो. दुसऱ्यात मोझेक हा हॉप आणि मंद आचेवर भाजलेला, कागदावर टिपून घेतलेला २०० ग्रॅम सुक्या खोबऱ्याचा कीस. माझा अंदाज होता की दुसरीचा फेस मिनिटभरात बसेल आणि मी त्याचा फोटो काढून ठेवीन.

फेस बसला नाही. पहिलीपेक्षा किंचित विरळ होता, पण पेला संपेपर्यंत राहिला. मी तीनदा ओतून बघितलं. ज्या पुराव्यावर मी दोन पानं लिहिली होती, तो माझ्याच गॅरेजमध्ये निकालात निघाला.

मग बायकोने माझे डोळे बांधले आणि दोन पेले आळीपाळीने नाकाशी धरले. कशात खरा नारळ आहे ते सांगायचं. तीन वेळा केलं. तीनपैकी दोनदा मी साब्रोच्या पेल्याकडे बोट दाखवलं. गुहागरचा माणूस, विळीवर खवलेल्या नारळाचा चव, घाण्याचं खोबरेल, खवट झालेलं खोबरं, सगळं नाकाने वेगळं करणारा. आणि वेलीच्या वासाला मी खरा नारळ म्हणालो, खऱ्या नारळाला नाही.

नंतर तिने स्वतः डोळे बांधून घेतले. तिन्ही वेळा बरोबर सांगितलं. कसं, विचारल्यावर म्हणाली, "मी नारळ शोधलाच नाही. ज्यात संत्रं नाही, ती तुझी नारळवाली."

यानंतर मी त्या परीक्षकाला सोडून द्यायला हवं होतं, असं मित्र म्हणतात. मलाही कधीकधी पटतं. मग कागद पुन्हा काढतो आणि 'घातला' हा शब्द वाचतो. नाक फसू शकतं, माझंही फसलं. पण मी चुकलो तेव्हा प्रश्न विचारला होता, त्याने निकाल लिहिला. तीस गुण देऊन पुढे 'हॉप्समधून की नारळ?' असं प्रश्नचिन्ह टाकलं असतं तरी मी तो कागद चौकटीत लावला असता.

२०२०च्या सुरुवातीला, नव्या हंगामाचे हॉप्स आणून, तीच पाककृती तिसऱ्यांदा केली. स्पर्धेसाठी तीन बाटल्या बाजूला काढल्या. अर्जात घटकांच्या रकान्यात लिहिलं : साब्रो. नारळ घातलेला नाही. शेवटचे तीन शब्द खोडले, पुन्हा लिहिले. मग कोरोना आला, स्पर्धा रद्द झाली, आणि एप्रिलमधल्या एका संध्याकाळी त्या तीन बाटल्या आम्ही घरीच उघडल्या. या खेपेला लाकूड पुढे होतं, थोडा पुदिना, आणि नारळ शोधावा लागत होता. मी बराच वेळ पेल्यात नाक घालून बसलो.

"संत्रं आहे तसंच आहे," बायको म्हणाली.