‘जाऊन येते’ म्हणायची चोरी



यात्रेच्या याद्या आपण किती बारकाईने करतो! खाकरे किती, दशम्या किती, पाणी गाळायचं कापड, जपमाळ, औषधं, ओडोमॉस. पण जिच्यावाचून दर दोन-तीन तासांनी अडतं, त्या सोयीचा यादीत कधी उल्लेख नसतो. ‘तिथे असेलच की’ म्हणायचं आणि निघायचं. मग बाईमाणूस काय करते? पाणीच पीत नाही.

माझ्या मोठ्या जाऊबाई एकाहत्तर वर्षांच्या. पंधरा वर्षांपासून मधुमेह, गुडघे गेलेले, लघवीला सारखं लागतं. गेली चार वर्षं त्या घरातून मंदिर आणि मंदिरातून घर, एवढंच. नातवाच्या लग्नालासुद्धा पुण्याला गेल्या नाहीत. कारण विचारलं की ‘बरं वाटत नाही’. खरं कारण मला माहीत होतं, पण घरात पुरुष बसलेले असताना ते बोलणार कोण? बोरिवलीच्या पोदनपूर त्रिमूर्तीचं दर्शन त्यांच्या मनात फार वर्षांपासून होतं. या जानेवारीत आम्ही सहाजणी मुंबईला निघायचं ठरवलं तेव्हा मी त्यांना सरळ म्हटलं, ‘‘ताई, तुमची बाथरूमची काळजी माझी. तुम्ही फक्त चला.’’ आधी लाजल्या, मग म्हणाल्या, ‘‘अगं, तू काय बाथरूम डोक्यावर घेऊन फिरणार आहेस?’’

आपल्या बायकांची अडचण जरा वेगळीही असते. आमच्यात एकीचं एकाशन होतं. दिवसाचं सगळं पाणी ती जेवणाच्या बैठकीलाच पिणार, म्हणजे पुढच्या तासाभरात तिला जागा हवीच. बाकीच्यांचा रात्रिभोजनत्याग. सूर्यास्ताआधी जेवण उरकून पाणी पिऊन घ्यायचं, म्हणजे नेमकी घरी परतायच्या गर्दीच्या वेळेला घाई. शिवाय नुसता कागद चालत नाही. पाणी हवं, हातपाय धुवायला नळ हवा, कारण पुढे दर्शनाला जायचं असतं.

आणि हा विषय धर्माच्या बाहेरचा आहे असं कुणी समजू नये. मुनींच्या पाच समिती आपण लहानपणी पाठशाळेत घोकल्या: ईर्या, भाषा, एषणा, आदाननिक्षेपण आणि पाचवी उत्सर्ग. मलमूत्र कुठे आणि कसं टाकावं, जिवाला बाधा न होता, कुणाला त्रास न देता, याचा विचार आचार्यांनी महाव्रतींच्या आचारात घालून ठेवला. त्यांना लाज वाटली नाही, मग आपल्यालाच का वाटावी?

पुतण्या म्हणत होता, समृद्धीने गाडीने जा. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला तेव्हा वाटेत थांबायला धड सोय नाही म्हणून केवढी ओरड झाली होती, ते मी विसरले नव्हते. आता बरंच सुधारलं असेल, पण जाऊबाईंना घेऊन मी परीक्षा पाहणार नव्हते. रेल्वेच बरी. डब्यात संडास असतो, आणि त्याचंही श्रेय एका त्रासलेल्या प्रवाशाला देतात. १९०९ साली ओखिल चंद्र सेन नावाच्या बंगाली गृहस्थांनी रेल्वेला तक्रारीचं पत्र लिहिलं. फणस जास्त खाल्लेला, पोट बिघडलं, स्टेशनवर उतरले आणि ते बसलेले असतानाच गार्डाने शिट्टी दिली. एका हातात लोटा, दुसऱ्या हातात धोतर अशी बिचाऱ्यांची धावपळ आणि सगळ्या फलाटासमोर फजिती! ते पत्र दिल्लीच्या रेल्वे म्युझियममध्ये ठेवलेलं आहे. विदर्भ एक्सप्रेसमध्ये मी हे सांगितलं तेव्हा जाऊबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. त्यानंतर आमच्या ग्रुपमध्ये ‘जाऊन येते’ऐवजी ‘ओखिलबाबूंकडे जाते’ असं सुरू झालं. एक नाव मिळालं आणि निम्मी लाज गेली.

मुंबईत मी काय केलं ते सांगते. सीएसएमटीला उतरल्यावर घाईने बाहेर पडलो नाही. लांबच्या गाडीचं तिकीट हातात असतं तोवर वेटिंग रूम आपली असते, तिथेच सगळं आवरून घेतलं. रोजचा कार्यक्रम ठरवताना दोन ठिकाणांच्या मध्ये एक तिकीटवालं ठिकाण घातलं, म्हणजे म्युझियम किंवा राणीची बाग. तिकीट काढून आत गेलं की सोय असतेच. मरीन ड्राइव्हवर साडेतीन किलोमीटर समुद्राचं वारं खायला छान, पण निघण्याआधीच जाऊन यावं. फोनवर नकाशात ‘शौचालय’ असं मराठीत लिहिलं तरी जवळची ठिकाणं दिसतात. मात्र दिसलेलं उघडं असेलच असं नाही. म्हणून दुकानदार बाईला विचारावं. भुलेश्वरच्या गल्ल्यांत एका बांगडीवालीने दुकान शेजारणीवर सोडलं आणि आम्हाला थेट दारापर्यंत नेऊन सोडलं. नकाशाला काही तशी माया नसते.

सी. पी. टँकजवळ आम्ही उतरलो होतो. तिथल्या हिराबाग धर्मशाळेचं नाव आपल्या घरांतून जुनं आहे. शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरींनी ती वडिलांच्या स्मरणार्थ बांधली. परगावच्या माणसाला मुंबईत पाठ टेकायला जागा हवी, हे त्यांना शंभरहून जास्त वर्षांपूर्वी कळलं होतं.

एका बाजारात मात्र माझं डोकं फिरलं. पाटीवर लिहिलेलं, लघवीसाठी शुल्क नाही. दारातला मुलगा पुरुषांना तसंच सोडत होता आणि आम्हा प्रत्येकीकडून पाच रुपये मागत होता. मी बी.कॉम. आहे, पावती मागितली. तो म्हणाला, ‘‘लेडीज का पता नहीं चलता, अंदर क्या करते हैं.’’ सहाजणी, दिवसातून चार वेळा, एकशेवीस रुपये. आपल्याला ते जड नाहीत. पण मागे रांगेत भाजीवाल्या बाया होत्या. दिवसाच्या कमाईतून त्यांचे पंधरा-वीस रुपये यातच जाणार, नाहीतर त्या दिवसभर धरून ठेवणार. पाणी कमी पिणं आणि धरून ठेवणं यातून पुढे मूत्रमार्गाचं दुखणं उभं राहतं, हे आपल्यातल्या कित्येकींना अनुभवाने ठाऊक आहे.

हेच गाऱ्हाणं घेऊन मुंबईत २०११ पासून बायकांनी मोहीम चालवली, ‘राइट टू पी’ नावाची. पुरुषाला फुकट, तर बाईला पैसे का, एवढा साधा प्रश्न. नाव ऐकून लोक हसले, तरी त्या सह्या गोळा करत राहिल्या. पुण्याचं ‘मिळून साऱ्याजणी’ मासिक तर आपल्यातल्या कित्येकींनी वाचलेलं. त्या साऱ्याजणी हा प्रश्न घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. डिसेंबर २०१५ मध्ये निकाल लागला: बायकांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं पुरवणं हे महापालिकांचं कर्तव्य आहे, कारण सन्मानाने जगण्याच्या हक्कात तेही येतं. दहा वर्षं होऊन गेली. बर्डीवर लग्नाची खरेदी करताना आपण कुठे जातो, ते तुम्हीच आठवा.

बोरिवलीच्या दिवशी खरी परीक्षा होती. मुंबईच्या लोकलमध्ये संडास नसतो आणि चर्नी रोडहून धीम्या गाडीला तासभर लागतो. जाऊबाईंनी सकाळपासून पाणी घेतलं नव्हतं. त्यांची साखर आणि गोळ्या बघता मी ते चालू दिलं नाही. वाटेत दादरला उतरू, मग पुढची गाडी घेऊ, असं ठरवलं. उतरलो, पण आत पाहिलं तर उकिडवं बसायचं. त्यांच्या गुडघ्यांना ते शक्य नाही. कमोड अपंगांच्या खोलीत, आणि तिला कुलूप. किल्ली कुणाकडे, हे शोधण्यात दहा मिनिटं गेली. जाऊबाई खांबाला धरून उभ्या होत्या. चेहरा असा, की मला आठवूनही कसंतरी होतं. एक सफाईवाली मावशी धावत किल्ली घेऊन आली. पर्स टांगायला खुंटी नव्हती, पदर सावरायला जागा नव्हती, पण पाणी होतं आणि फरशी कोरडी होती. बाहेर येऊन जाऊबाई म्हणाल्या, ‘‘आता बाटली दे इकडे.’’

त्रिमूर्तीसमोर त्या बराच वेळ बसल्या. मधे आदिनाथ भगवान, शेजारी भरत आणि बाहुबली. एकदाही ‘चला गं’ म्हणाल्या नाहीत. चार वर्षांत मी त्यांना एवढं निवांत बसलेलं पाहिलं नव्हतं.

परत आल्यावर आमच्या मंडळात विषय काढला. मंदिरात पंख्यावर, कपाटावर, पायरीवरसुद्धा दात्याचं नाव असतं. पण इथल्या स्वच्छतागृहात एक कमोड, भिंतीला धरायचा दांडा आणि दोन खुंट्या बसवायच्या म्हटलं तर ‘बघू’. मी प्लंबरकडून अंदाजपत्रक घेतलं आणि वहीत पान उघडलं. पहिले पाच हजार जाऊबाईंनी पदराच्या गाठीतून काढून दिले. समितीतले एक काका संकोचून म्हणाले, ‘‘काकू, तिथे नावाची पाटी बरी नाही दिसणार.’’

जाऊबाई म्हणाल्या, ‘‘काऊन नाही दिसणार? चांगली मोठी लावा.’’