रॅली झाली, फोटो आला, नंबर कुठाय?

२५ नोव्हेंबर जवळ आला की आम्हा पत्रकारांच्या व्हॉट्सॲपवर प्रेसनोटांचा पाऊस सुरू होतो. महिला अत्याचारविरोधी जनजागृती रॅली, पथनाट्य, शपथ, रांगोळी, निबंध स्पर्धा. १० डिसेंबरच्या मानवी हक्क दिनापर्यंत सोळा दिवस हे चालतं. बातमीही ठरलेली. 'मान्यवरांनी मार्गदर्शन केले', 'विद्यार्थिनींचा उत्स्फूर्त प्रतिसाद'. फोटोत एकाच हिरव्या झेंड्याला सहा-सात हात. कुणाचं नाव राहिलं तर सकाळी सकाळी फोन येतो. पण रॅलीनंतर किती बायका मदत मागायला आल्या, हे सांगायला आजवर एकाही आयोजकाचा फोन आलेला नाही.

रॅलीची टिंगल करायला ही पोस्ट लिहीत नाहीये. जनजागृतीनं फरक पडतो, आणि तो आपल्याच महाराष्ट्रात पडलाय.

१९७२ साली आताच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजला, पोलीस ठाण्याच्या आवारात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केल्याचं प्रकरण घडलं. 'मथुरा प्रकरण' म्हणून ते ओळखलं जातं. सुप्रीम कोर्टानं पुढे पोलिसांना निर्दोष सोडलं. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. मुंबईपासून गावोगावी बायका रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. त्याच वर्षी सासरच्या छळासाठी ४९८-अ कलम आलं. स्त्री मुक्ती संघटनेचं 'मुलगी झाली हो' हे नाटक याच काळात महाराष्ट्रभर फिरत होतं.

त्या मोहिमांत आणि आजच्या रॅलीत फरक काय? त्यांची मागणी स्पष्ट होती आणि कुणाकडे करायची तेही ठरलेलं होतं. 'स्त्रीचा सन्मान करा' ही घोषणा कुणाकडेच काही मागत नाही. मारणारा नवरासुद्धा ती आनंदानं देईल.

२००८ मध्ये 'बेल बजाओ' नावाची टीव्हीवरची जाहिरात आठवतेय? शेजारच्या घरातून मारहाणीचा आवाज येतो. एक माणूस उठतो, बेल वाजवतो आणि वाटीभर दूध मागतो. बस्स, एवढंच. भाषण नाही, भांडण नाही. पण शेजाऱ्यानं नेमकं काय करायचं ते कळलं. आपल्याकडे 'त्यांच्या घरातला मामला' म्हणून टीव्हीचा आवाज वाढवायची पद्धत आहे. त्या सवयीवर त्या जाहिरातीनं बोट ठेवलं.

आता आकडा बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, २०१९-२१. देशातल्या १८ ते ४९ वयाच्या लग्न झालेल्या बायकांपैकी सुमारे २९ टक्के बायकांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली आहे. आणि अशी हिंसा सोसणाऱ्यांपैकी कुठंतरी मदत मागितली ती फक्त १४ टक्के बायकांनी. ज्या मागतात, त्याही बहुतेक आधी माहेरी जातात. माहेरी उत्तर काय मिळतं, हे मी सांगायला नको. 'थोडं सांभाळून घे, पोरांकडं बघ.' म्हणजे जनजागृतीची पहिली गरज माहेरच्या माणसांना आहे. बापाला आणि भावाला.

आणि रॅलीत असतं कोण? कॉलेजच्या मुली, अंगणवाडी सेविका, आशाताई, बचत गटाच्या बायका. यांनाच वर्षानुवर्षं जागृत करणं चाललंय. पारावर, सलूनमध्ये, दूध डेअरीत, मार्केट यार्डात बसलेल्या आम्हा पुरुषांकडं रॅली येतच नाही. समोरून जाते, आम्ही वाट करून देतो, इतकंच.

यंदा रॅलीतल्या काही मुलींना मी विचारलं, घरात कुणाला मारहाण झाली तर कुठं जायचं? सगळ्यांचं उत्तर एकच, पोलीस स्टेशन. चुकीचं नाही. पण तिथं बऱ्याचदा काय होतं? एनसी नोंदवतात, 'नवरा-बायकोचं आहे, मिटवून घ्या' म्हणतात आणि बाई त्याच घरात परत जाते.

खरं तर कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चा आहे, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात संरक्षण अधिकारी नावाचं पद आहे. एफआयआर नसला, वकील नसला तरी बाई थेट त्यांच्याकडं जाऊ शकते. ते घटनेचा अहवाल भरून घेतात आणि तिला मॅजिस्ट्रेटकडं अर्ज करायला मदत करतात. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी राहत्या घरातून तिला बेकायदा बाहेर काढता येत नाही. पोटगी, मुलांचा ताबा, संरक्षणाचा आदेश हे सगळं त्याच अर्जात मागता येतं. हा कायदा फक्त बायकोसाठी नाही. एका घरात राहणारी आई, बहीण, विधवा सून यांनाही तो लागू आहे. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत द्यावी आणि साठ दिवसांत अर्ज निकाली काढायचा प्रयत्न करावा, असं कायदा म्हणतो. कोर्टात तारखा लांबतात, ते आपण बघतोच. पण संरक्षणाचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तक्रार घेऊन आलेल्या बाईला ही माहिती देणं पोलिसांवर याच कायद्यानं बंधनकारक आहे.

आणखी एक. या कायद्याच्या कलम ११ नुसार कायद्याची नियमित आणि व्यापक प्रसिद्धी करणं हे सरकारचं कर्तव्य आहे. म्हणजे जनजागृती ही कुणाची मेहेरबानी नाही. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानंही राज्यांना बजावलं, जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमा आणि कायद्याचा प्रचार करा.

मग आपल्या फ्लेक्सवर काय असतं? वर नेत्यांचे फोटो, खाली शुभेच्छुकांचे फोटो आणि मधे 'नारी शक्ती'. संरक्षण अधिकाऱ्याचं नाव नाही, फोन नाही, ऑफिस कुठल्या इमारतीत ते नाही. ज्या बाईला रात्री अकरा वाजता घराबाहेर काढलंय, तिला त्या फ्लेक्सचा काय उपयोग?

म्हणून आयोजकांकडं मागणी आहे. पुढच्या फ्लेक्सवर एवढंच लिहा:

तातडीची मदत – ११२
महिला हेल्पलाइन – १८१
मोफत कायदेशीर सल्ला – १५१०० (महिलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही)
तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांचं नाव, ऑफिसचा फोन, पत्ता.

हा कागद एसटी स्टँडच्या महिला स्वच्छतागृहात, रेशन दुकानात, दवाखान्यात आणि पिठाच्या गिरणीत लावा. बाई तिथं एकटी जाते आणि निवांत वाचू शकते. पुरुषांसाठी एक वेगळा कागद सलूनमध्ये लावा: 'शेजारी आवाज आला तर बेल वाजवा. बहीण माहेरी आली तर आधी तिचं ऐका.'

आणि प्रेसनोट पाठवाच. फक्त फोटो जरा जवळून काढा, फलकावरचा नंबर वाचता आला पाहिजे. बातमी मी लावतो.