फासा, जागरण आणि बाहेर पडण्याची वाट



कथा म्हटली की एक सांगणारा आणि बाकीचे ऐकणारे, असे चित्र आपल्या मनात उभे राहते. ‘लेखक, संहिता, वाचक’ या त्रयीने ते अधिकच पक्के केले आहे. त्यामुळे ‘संवादी कथन’, ‘बहुमाध्यमी कथन’ हे शब्द कानावर आले की ते संगणकाच्या जगातले, आपल्यापासून दूरचे असावेत, असे तुम्हांला वाटत असेल. मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण नेवासे आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे म्हणताच तुम्हांला ज्ञानेश्वरी आणि पैसाचा खांब आठवेल. ते योग्यच आहे. परंतु खंडोबाच्या लोककथेत नेवासे हे म्हाळसेचे माहेर होय. ती येथील तिम्मशेट वाण्याची लेक. माझे बालपण याच तालुक्यात गेले. घरात लग्न झाले की जागरण ठरलेले असे.

अलीकडे पुण्यात शिकणाऱ्या माझ्या भाच्याने मित्रांसह मांडलेला एक खेळ मी पाहिला, आणि ती जागरणे मला नव्याने समजली. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकनांनी 1974 साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. टेबलाभोवती बसून भूमिका घेऊन खेळायच्या खेळांचा प्रसार तेथून सुरू झाला. यात एकजण सूत्रधार असतो. गुहा, गावे, शत्रू तो उभे करतो. बाकीचे एकेक पात्र स्वीकारतात आणि आपण काय करतो ते सांगतात. एखादी अवघड कृती साधली की फसली, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. त्या दुपारी सूत्रधार मुलाने कष्टाने रचलेला प्रसंग एका फाशाने कोसळला. तो हसला आणि म्हणाला, “बरं, मग आता?” चौकट त्याची होती, पण पुढचा शब्द त्याने इतरांच्या स्वाधीन केला होता.

खंडोबाच्या कथेलाही फाशानेच वळण मिळते. देव आणि म्हाळसा सारीपाट खेळतात. हरेल त्याने बारा वर्षे वनवासाला जायचे, असा पण लागतो. देव हरतो आणि चंदनपुरीला जाऊन बाणाईच्या वाड्यावर चाकर होऊन मेंढरे राखतो. देवालाही हरवू शकणारा फासा कथेत ठेवणारे लोक कथनशास्त्रात कच्चे नव्हते, एवढे मी नक्की म्हणेन.

आता जागरण पाहा. उसाचा किंवा ताटांचा मांडव, खाली घट, दिमडी, तुणतुणे आणि मुरळीच्या हातातला घोळ. तळी भरताना घरातले पुरुष भंडार-खोबऱ्याचे ताम्हन मिळून उचलतात आणि येळकोटाचा गजर करतात. त्या क्षणी घरात निव्वळ श्रोता कोणी उरत नाही. थोरल्या भावाच्या लग्नानंतरच्या जागरणात सवतींच्या भांडणाचा भाग रंगला असताना आळीतल्या एका वयस्कर बाईंनी वाघ्याला टोकले, “देवा, म्हाळसाचं काय चुकलं, ते आधी सांग.” वाघ्याने दिमडी थांबवली आणि देव होऊनच उत्तर दिले. बाईंनी पुन्हा विचारले. कथा बराच वेळ तेथेच थबकली. बाईंच्या घरात सवत होती, हे सर्वांना ठाऊक होते. कोणत्या छापील संहितेत तुम्ही हा संवाद शोधाल?

एकच कथा अनेक माध्यमांतून पसरते आणि प्रत्येक माध्यम तिच्यात स्वतःची भर घालते, ही कल्पना हेन्री जेन्किन्स यांच्या ‘कन्व्हर्जन्स कल्चर’ या 2006 सालच्या ग्रंथामुळे विशेष चर्चेत आली. खंडोबाच्या बाबतीत मणि-मल्लांचा संहार ‘मल्हारी माहात्म्य’ या पोथीने सांगितला; बाणाईला मुख्यतः मौखिक गीतांनी सांभाळले. पारनेर तालुक्यातील पिंपळगाव रोठ्याला कोरठण खंडोबाच्या यात्रेत भक्त स्वतः भंडारा उधळतो. 2014 मध्ये ‘जय मल्हार’ ही मालिका आली आणि देवाला घराघरांत एकच चेहरा मिळाला. मालिका मीही आवडीने पाहिली. मात्र दूरचित्रवाणीच्या देवाला त्या बाईंचा प्रश्न ऐकू येण्याची सोय नव्हती.

येथपर्यंत हे सारे मनोहर वाटते. परंतु सहभागाचे गुणगान करताना एक गोष्ट झाकली जाते, आणि तुम्ही ती झाकू नये अशी माझी इच्छा आहे. भाच्याच्या मित्रांनी संध्याकाळी पात्रांचे कागद घडी करून दप्तरात ठेवले आणि ते जेवायला गेले. मुरळीला तसे करता येत नसे. मूल होत नाही म्हणून नवस बोलायचा आणि मुलगी झाली तर ती देवाला वाहायची, ही चाल होती. तिचे लग्न खंडोबाशी लागे. मग दुसरे लग्न नाही, दुसरी भूमिका नाही. ती भूमिका तिने निवडलेली नसे आणि तिच्यातून बाहेर पडण्याची वाट कथेने ठेवलेली नव्हती. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी या चालीविरुद्ध आवाज उठवला. महाराष्ट्राने पुढे 2005 च्या अधिनियमाने देवदासी प्रथेच्या निर्मूलनाची तरतूद केली. ज्या कथेत म्हाळसेच्या वतीने देवाला जाब विचारता येत होता, तिच्यातच मुरळीच्या वतीने विचारणारे फारसे कोणी नव्हते. आमच्या अंगणातही त्या रात्री कोणी विचारले नाही.

गेल्या वर्षी शेजारच्या गावात जागरण होते. मुरळीचे काम करणारी बाई संसारी होती. तिचा मुलगा दहावीला होता आणि पहाटे निघण्याची तिला घाई होती. घट हलला, सुपारी हातात पडली. तिने घोळ पिशवीत ठेवला, कपाळावरचा भंडारा पदराने पुसला आणि शेवगावची पहिली एसटी किती वाजता आहे, असे यजमानीणबाईंना विचारले.